“नुसता दात लागलाय” म्हणू नका : घरात पिल्लू आणताना

पावसाळा सरला की वस्तीत कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. कुणाच्या पायरीखाली, कुणाच्या बंद हातगाडीखाली. मग एका संध्याकाळी पोरगा शर्टात काहीतरी लपवून घरात शिरतो. आई ओरडते. आजी म्हणते, “आपल्यालाच पाय पसरायला जागा नाही, त्याला कुठं ठेवतोस?” आणि रात्री तेच पिल्लू आजीच्या गोधडीच्या कोपऱ्यावर झोपलेले असते.

दवाखान्यात सुई देण्याच्या खोलीत मी बरीच वर्षे काढली. तिथे आलेल्या आया सांगायच्या, “सिस्टर, मोठं कुत्रं नाही हो, घरचंच पिल्लू आहे. नुसता दात लागलाय.” या ‘नुसता’साठीच हा लेख. पिल्लू जरूर पाळा, पण नीट पाळा.

आईपासून लवकर तोडू नका

पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. आईच्या दुधातून त्याला रोगाशी लढायची ताकद मिळते, आणि किती जोरात चावले की समोरच्याला दुखते हे ते भावंडांशी खेळताना शिकते. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उगवू लागतात. तोंडात दात नीट आलेले नसतील, तर पोराला समजावून पिल्लू आईजवळ परत ठेवायला लावा. त्याने तिथेच जाऊन त्याला बघावे.

पहिल्या रात्री

पिल्लू रात्रभर कुंईकुंई करते, शेजारी भिंत ठोकतात. ते हट्ट करत नसते. त्याची आई आणि भावंडांची ऊब एकाएकी गेलेली असते. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी साडी घालून, शेगडीपासून लांब आणि आपण झोपतो त्याच्या जवळ ठेवा. आई जिथे झोपायची तिथले एखादे फडके खोक्यात टाका, ओळखीच्या वासाने ते शांत होते. बाहेर एकटे बांधून ठेवले तर ओरडणे वाढते.

शी-शू शिकवायला मार लागत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर दर वेळी त्याला एकाच जागी न्या. तिथे केली की पाठ थोपटा. घरात केली तर नाक घासू नका, त्याने ते फक्त घाबरते. जागा साबणाने धुऊन काढा. फिनेल टाकलेच तर फरशी सुकेपर्यंत पिल्लाला लांब ठेवा, ते पाय चाटते. शी रोज कागदाने उचला. ती मातीत राहिली की जंतांची अंडी तिथेच राहतात आणि अनवाणी खेळणाऱ्या आपल्याच पोरांच्या हातातोंडात जातात.

काय घालावे

लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्या. मऊ भात किंवा कुस्करलेली भाकरी, सोबत उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे चिकन. रोज वाटीभर गाईचे दूध पाजले तर पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. स्वच्छ पाणी मात्र कायम समोर असू द्या.

शिजवलेली कोंबडीची हाडे देऊ नका. ती टोकदार फुटतात आणि घशात, आतड्यात रुततात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका ही त्याला विषासारखी आहेत. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर कधीच नाहीत.

लस आणि जंत

जंताचे औषध पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा द्यायचे असते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांवरची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. पार्व्होत उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला उकिरड्यावर, गटाराकाठी सोडू नका. हा रोग माणसांना होत नाही.

रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे वेळच्या वेळी. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो.

दात लागला तर

रेबीज पिल्लालाही होतो. लस न झालेले, रस्त्यावरून आणलेले पिल्लू चावले, नख लागून रक्त आले किंवा त्याची लाळ जखमेवर, डोळ्यांत, तोंडात गेली, तर हे करा :

१. जखम साबण आणि नळाच्या वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा.

२. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नका. घट्ट बांधू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरला, तर पुढच्या सुया ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशीही. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे वेगळे औषधही लागते, ते मागून घ्या.

पोटातल्या चौदा सुयांची भीती सोडा. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता सुई दंडात देतात. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ‘बघू दहा दिवस’ म्हणून आपली सुई थांबवू नका. रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, कधी त्याहून उशिरा. ती दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या सुया मात्र वाचवतात.

आणखी एक. पिल्लाचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर हाड अडकले समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. त्याला बंद करून ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

पोरांना दोन गोष्टी सांगा

खाताना आणि झोपलेले असताना पिल्लाला हात लावायचा नाही. आणि दात किंवा नख लागले तर लगेच घरी सांगायचे. पोरे का लपवतात? मार बसेल आणि पिल्लू फेकून देतील म्हणून. तेव्हा आयांनो, पिल्लू घरात घेतानाच पोराला शब्द द्या : “सांगितलंस तर मारणार नाही, पिल्लालाही हाकलणार नाही.” आणि तो शब्द पाळा. धाकट्या बाळाच्या लसीचे कार्ड जिथे ठेवता, तिथेच पिल्लाचेही ठेवा.