अनोळखी हातांत फिरणारी कादंबरी

गटाची वही आपल्याला पाठ आहे. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, सगळं त्यात असतं. आज बोलायचं आहे ते एका दुसऱ्याच वहीबद्दल. ही वही एका कादंबरीसोबत टपालाने गावोगाव फिरते आणि तिच्यात वाचणारीला काय वाटलं ते लिहिलेलं असतं.

ही पद्धत कुठली? 2001 साली अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी ‘बुकक्रॉसिंग’ सुरू केलं. पुस्तकाला एक नंबर द्यायचा, वाचून झालं की ते बाकावर, हॉटेलात कुठेही दुसऱ्यासाठी ठेवून द्यायचं. ज्याला मिळेल त्याने त्या नंबराखाली आपलं मत नोंदवायचं. त्यातूनच टपालाचे फेरे निघाले. वाचणाऱ्यांची यादी करतात. पहिली वाचते, मत लिहिते आणि दुसरीच्या पत्त्यावर पुस्तक पाठवते. शेवटी पुस्तक मूळ मालकिणीकडे परत आलं तर त्याला ‘रिंग’ म्हणतात. परत न येता पुढेच जात राहिलं तर ‘रे’, म्हणजे किरण. यातल्या कितीतरी जणींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नसतं.

आमच्या गटांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटांबरोबर अशी रिंग केली. पुस्तक निवडलं कविता महाजन यांची ‘ब्र’ ही 2005 सालची कादंबरी. संस्थेचं काम करणारी प्रफुल्ला आदिवासी भागात फिरते आणि पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटते, असा तिचा विषय. ‘ब्र काढायचा नाही’ हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय, म्हणून नावच आधी आवडलं.

वही परत आली तेव्हा एकाच पुस्तकाबद्दल किती तऱ्हा! ग्रामपंचायत सदस्य असलेल्या एकीने लिहिलं होतं की, सही तिची असते आणि बोलतात घरचे. हे पुस्तकात छापलेलं बघून तिला आधी लाज वाटली, मग राग आला. दुसरीला प्रफुल्ला पटलीच नाही. बाहेरून आलेल्या बाईला गाव किती कळणार, असा तिचा सवाल. एका आजींना वाचता येत नाही. सून डाळ निवडता निवडता वाचून दाखवायची, म्हणून त्यांनी पुस्तक चार दिवस जास्त ठेवून घेतलं आणि आपलं मत सुनेकडून लिहून घेतलं. एकीने अर्धंच वाचलं आणि कुठवर वाचलं तेही प्रामाणिकपणे लिहिलं.

गटाच्या बैठकीत एवढं कोणी बोलत नाही. समोर जाऊ बसलेली असते, शेजारीण असते. अनोळखी बाईला मात्र आपलं घर माहीत नसतं, त्यामुळे हात मोकळा होतो. एका पानावर कुणीतरी नाव न घालता घरच्या मारहाणीबद्दल लिहिलं होतं. पुढच्या वाचकीने त्याखाली 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवला होता. पण वही पुढे गेली, मग तो नंबर पहिलीला दिसणार कसा? म्हणून रिंग संपल्यावर आम्ही तो दोन्हीकडच्या सगळ्या गटांत वाचून दाखवला. अक्षर कोणाचं, हे कोणी विचारलं नाही.

यातूनच नियम ठरला. नाव घालायचं की नाही, हे जिचं तिने ठरवावं. वही दहा घरांत उघडली जाणार आहे, हे लक्षात ठेवून लिहावं. दुसरीचं गुपित तर लिहूच नये.

तुम्हाला अशी रिंग करायची असेल तर सहा ते दहा जणींची यादी पुरे. यादी लांबली की पुस्तक रेंगाळतं. प्रत्येकीला तीन आठवडे द्या; सुगीत आणि लग्नसराईत जास्त. पुस्तकाला जाड कव्हर घाला, सोबत पातळ वही ठेवा, पावसाळ्यात दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पत्त्यावर सहा आकडी पिनकोड हवाच. टपाल खर्च पाठवणारीचा, आणि पुस्तक मिळालं की मागचीला एक फोन.

वहीत गोष्ट पुन्हा सांगत बसू नका. तीन गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ झालं: कुठल्या पानावर थांबलात, काय पटलं नाही आणि वाचताना स्वतःचं काय आठवलं. शेवट फोडू नका, पुढची अजून वाचायची आहे. शुद्धलेखनाची काळजी करू नका, आणि आधीच्या बाईचं मत खोडू नका. पटलं नाही तर खाली आपलं लिहा.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं हा विषय घ्या. पुस्तक कोणतं आणि पहिली वाचणारी कोण, एवढं ठरलं की सुरुवात झाली.