रस्ता उघडणारी माणसं

संपादकांना गाडी हवी होती. सुरुंगावरून गेली तरी आतली माणसं वाचतात, अशी जी गाडी गडचिरोली पोलिसांकडं आहे, तिच्यावर फोटोंसकट मोठा लेख, असं ठरलं होतं. गाडी मी पाहिली. पाहण्यासारखी आहेच. साध्या ट्रकपेक्षा उंच, काचा बोटभर जाडीच्या, बाजूला गोळीबारासाठी छोटी झाकणं. पण तिचं खरं शहाणपण दिसायला खाली वाकावं लागतं. तळ सपाट नाही. होडीला असतो तसा तो मधोमध निमुळता होत खाली आलेला आहे. स्फोटाचा दाब जमिनीतून उसळतो तेव्हा सपाट तळाची गाडी तो सगळा अंगावर घेते. तिरक्या तळावरून तो दोन्ही बाजूंना निसटतो. तळ उंचावर ठेवल्यानं स्फोट आणि माणूस यांच्यात हवेचं अंतर पडतं, आणि थोडं अंतर वाढलं तरी दाब झपाट्यानं उतरतो. चाकं आणि एक्सल उडून जातात, पण ती जावीत म्हणूनच तशी बसवलेली असतात. आत प्रत्येकाला पट्टा असतो, कारण गाडी फुटली नाही तरी उडते, आणि मोकळा बसलेला माणूस टपावर आपटून मरू शकतो.

हे डोकं आफ्रिकेतलं. १९७०च्या दशकात ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, गनिमांनी कच्च्या रस्त्यांवर सुरुंग पेरायला सुरुवात केली, आणि गोऱ्या शेतकऱ्यांनी व सैनिकांनी टायरमध्ये पाणी भरण्यापासून गाडीच्या तळाशी वाळूची पोती घालण्यापर्यंत सगळे उपाय करून पाहिले. त्यातून निमुळत्या तळाच्या गाड्या निघाल्या. दक्षिण आफ्रिकेनं त्यांना पक्कं रूप दिलं ते ‘कॅस्पिर’मध्ये. चाकाखाली २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी फुटलं तरी आतले वाचावेत, असा तिचा हिशेब. हीच गाडी वर्णद्वेषी राजवटीच्या पोलिसांनी काळ्यांच्या वस्त्यांमधून फिरवली, हेही तिच्या चरित्रात लिहिलं पाहिजे. भारतानं कॅस्पिर विकत घेतल्या, पुढं तेलंगणातल्या मेदकच्या आयुध निर्माणीत त्याच वळणाच्या गाड्या बनू लागल्या, आणि त्या काश्मीरपासून बस्तरपर्यंत गेल्या. इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बनी जेरीस आणल्यावर अमेरिकेनंही हेच सूत्र उचललं. २००७मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अशा गाड्यांना सर्वोच्च प्राधान्य दिलं, आणि काही वर्षांत २७ हजारांहून अधिक गाड्या बांधून झाल्या.

अडचण त्या १४ आणि २१ या आकड्यांतच आहे. कारखान्यात बनलेला रणगाडाविरोधी सुरुंग किती वजनाचा असतो हे ठाऊक असतं. जंगलात डब्यात भरलेल्या स्फोटकाला अशी मर्यादा नाही. ९ फेब्रुवारी २००६ रोजी माओवाद्यांनी छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यात हिरोली इथलं एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीचं स्फोटकांचं कोठार लुटलं, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे आठ जवान मारले आणि सुमारे १९ टन स्फोटकं नेली. खाणीत डोंगर फोडायला आणलेला माल रस्त्याखाली गेला. त्याच्या आदल्या वर्षीच, सप्टेंबर २००५मध्ये, बिजापूरजवळ पडेडा इथं सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली आणि २४ जण गेले. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ पुन्हा तेच झालं. सीआरपीएफचे नऊ जवान, आणि गाडी सुरुंगरोधकच. त्या दलाचे एकेकाळचे महासंचालक के. विजयकुमार यांनी तर या गाड्यांना चाकांवरच्या शवपेट्या म्हटलं होतं. पोलाद जितकं जाड कराल, तितके किलो समोरचा वाढवतो, आणि त्याला वाढवणं फार स्वस्त पडतं.

म्हणून मी गाडी सोडली आणि एका हवालदाराच्या मागं लागलो.

तो बॉम्ब शोधक व नाशक पथकातला. इथं सगळे नुसतं बीडीडीएस म्हणतात. वय पंचेचाळिशीच्या पुढं, बोलणं कमी, चालणं त्याहून सावकाश. त्याच्या कामाला खात्यात ‘रोड ओपनिंग’ म्हणतात: गाड्यांचा ताफा, मतदान पथक किंवा रेशनचा ट्रक जायच्या आधी तो रस्ता पायी तपासून मोकळा करायचा. जवानांच्या तुकड्या रस्ता सोडून दोन्ही बाजूंच्या झाडीतून चालतात, कारण बॉम्ब रस्त्यात असला तरी त्याची वायर बाजूला गेलेली असते आणि बटण दाबणारा वायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. झाडीतल्यांनी वायर ओलांडली की निम्मं काम झालं. रस्त्यावरून मधोमध चालतात ते बीडीडीएसवाले. रेडिओनं उडवायच्या बॉम्बवर जॅमर चालतो, वायरीवर कुठलाच जॅमर चालत नाही. त्यामुळं माणसाला पर्याय निघालेला नाही.

खऱ्या रस्त्यावर पत्रकाराला पुढं सोडत नाहीत, आणि मीही हट्ट धरला नाही. मला नेलं ते सरावाच्या पट्ट्यावर. मुरमाचा कच्चा रस्ता, एक मोरी, थोडं गवत, आणि त्यात कुठं कुठं पुरलेले डमी. हवालदारानं डिटेक्टर फिरवायला सुरुवात केली आणि ते यंत्र जवळजवळ सारखंच ओरडत राहिलं. खिळा, बाटलीचं झाकण, तारेचा तुकडा, शिवाय या मातीतच लोह. सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर याच जिल्ह्यातला. उलट ज्या डब्यात धातू नावालाच असतो, त्यावरून यंत्र मुकाट निघून जाऊ शकतं. म्हणजे ओरडलं तर खात्री नाही, आणि गप्प राहिलं तर अजिबातच नाही. हवालदार त्याचं ऐकत होता, पण बघत दुसरीकडंच होता.

मोरीच्या अलीकडं तो थांबला. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं.

‘‘भाऊ, काय दिसलं?’’

‘‘थे गवत पाहा ना सर. बाजूचं हिरवं हाय, अन् हे वाळलं.’’

वीतभर जागा. मुळं तुटली की वरचं गवत दोन दिवस टिकतं, मग पिवळं पडतं. मग तो गुडघ्यांवर बसला, मग पोटावर झोपला, आणि पातळ सळई काढली. सळई वरून उभी खुपसायची नसते, कारण दाबानं फुटणाऱ्या सुरुंगाचं तोंड वर असतं. ती साधारण ३० अंशांत तिरकी सरकवायची, म्हणजे टोक सुरुंगाच्या कुशीला लागतं. काही लागलं नाही की बाहेर काढायची, दोन बोटं पुढं सरकायचं, पुन्हा तिरकी घालायची. त्याचा हात सळईवर इतका हलका होता की मातीच तिला आत ओढून घेते आहे असं वाटावं. एका ठिकाणी तो थबकला, सळई बाजूला ठेवली आणि बोटांच्या पेरांनी माती कडेनं उकरू लागला. आधी बाजू उघडी पडली, मग कड, मग प्लास्टिकचा डबा. डमी आहे हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरीही मी श्वास धरून उभा होतो. सबंध वेळात त्यानं डब्याच्या वरच्या तोंडाला हात लावला नाही. खऱ्या कामातही पुष्कळदा डबा हलवत नाहीत, कारण तो उचलला की फुटावा अशी सोय खाली केलेली असू शकते. शेजारी स्वतःचं स्फोटक लावून जागच्या जागीच उडवून देतात.

पुण्याचा रोबो ‘दक्ष’ मला इथं आठवला. डीआरडीओच्या दिघीच्या प्रयोगशाळेत घडलेला, सहा चाकांचा, जिने चढणारा, बॅगेचा एक्स-रे काढणारा आणि पाण्याच्या फवाऱ्यानं बॉम्बचं सर्किट तोडणारा. स्टेशनवरच्या बेवारस बॅगेसाठी त्याच्यासारखा गडी नाही. पण त्याला बॅग दाखवावी लागते. वीस किलोमीटरच्या रस्त्यात वाळलेलं गवत कुठं आहे हे शोधायला त्याला कोणी पाठवत नाही. कुत्रा पाठवतात. स्फोटकाचा वास लागला की तो भुंकत नाही, पंजा मारत नाही, खाली बसतो. तसंच शिकवलेलं असतं. मात्र विदर्भातल्या उन्हात नाक लवकर थकतं, श्वान हस्तकाला त्याला वरचेवर सावलीत न्यावं लागतं, आणि जंगलात धोका एकाच जातीचा नसतो. २०२५च्या एप्रिलमध्ये छत्तीसगड-तेलंगणा सीमेवरच्या करेगुट्टाच्या डोंगरांत सीआरपीएफची रोलो ही दोन वर्षांची बेल्जियन शेफर्ड कुत्री गेली ती बॉम्बनं नव्हे, मधमाश्यांच्या हल्ल्यात.

हवालदाराच्या त्या पोटावर सरपटण्याला सैन्यात मोठी परंपरा आहे, आणि तिचा धागा पुण्याच्या खडकीपर्यंत जातो. तिथल्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे सैन्याच्या अभियंता तुकडीची, मोठी माणसं बरीचशी सुरुंग काढूनच मोठी झाली. १९४१मध्ये ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली, कानाचा पडदा फाटला, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझं मन मात्र राम राघोबा राणे यांच्यापाशी अडतं. कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८मध्ये, काश्मीरच्या पहिल्या युद्धात, नौशेऱ्याहून राजौरीकडं रणगाडे न्यायचे होते, रस्त्यात पाडलेली झाडं आणि पेरलेले सुरुंग, वरून शत्रूचा मारा. ८ तारखेला तोफेच्या माऱ्यात त्यांचे दोन सॅपर मेले, ते स्वतः मांडीला जखमी झाले. पुढं जायला आडोसा नाही म्हटल्यावर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. हातात दोऱ्या, दुसरी टोकं चालकाकडं. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. रणगाडा इंचाइंचानं पुढं, त्याच्या सावलीत सरपटणारा अधिकारी, आणि असा तो काफिला सुरुंगांमधून पार झाला. ११ तारखेपर्यंत रस्ता खुला होता. परमवीर चक्र त्यांना हयातीत मिळालं, १९९४मध्ये पुण्यात ते वारले. मला यातली विलक्षण गोष्ट वाटते ती अशी की रणगाड्यासारखं यंत्र तिथं होतं, पण कधी थांबायचं आणि कधी निघायचं हे ठरवत होता त्याच्याखालचा माणूस.

थांबणं न परवडल्याची किंमत गडचिरोलीनं वारंवार मोजली आहे. मार्च २०१२मध्ये पुस्टोला इथं सीआरपीएफची बस उडवली, १२ जवान गेले. मे २०१४मध्ये चामोर्शी तालुक्यात गडचिरोली पोलिसांच्या सी-६० तुकडीचे सात जवान. आणि १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला रस्त्याच्या कंत्राटदाराच्या गाड्या आणि यंत्रं जाळली. बातमी आली, शीघ्र कृती दलाचं पथक खासगी गाडीतून निघालं, आणि जांभुळखेड्याजवळ गाडी उडाली. १५ पोलीस आणि चालक. जाळपोळ हे आमिष होतं. पोलीस येणार, कोणत्या रस्त्यानं येणार आणि घाईत येणार, या तीनही गोष्टींचा हिशेब आधी झालेला होता. चालत गेलं तर वेळेत पोचत नाही, गाडीनं गेलं तर पोचायची खात्री नाही. हा पेच कुठल्याही परिपत्रकानं सुटत नाही, आणि ‘नियम पाळायला हवा होता’ असं मुंबईत बसून म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

सी-६० ही तुकडी १९९०मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी उभी केली. ६० स्थानिक पोरं, गोंडी-माडिया जाणणारी. पायी चालणारी तुकडी म्हणूनच ती नावारूपाला आली. आज चित्र बदललंय. माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ऑक्टोबर २०२५मध्ये ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली गेली. त्याआधी १ जानेवारी २०२५ला अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एसटी सुटली होती. मला वाटलं, आता हवालदाराचं काम उतरणीला लागलं असेल. त्यानं नकारार्थी मान हलवली.

पहिली गोष्ट डांबराची. डांबरी रस्त्यात खड्डा खणला की दिसतो, म्हणून पक्का रस्ता सुरक्षित, अशी समजूत होती, आणि म्हणूनच रस्त्याची यंत्रं जळत होती. पण २६ एप्रिल २०२३ला दंतेवाड्यात अरनपूरला दहा जवान आणि चालक गेले, तेव्हा रस्ता वरून खणलेलाच नव्हता. बाजूनं बोगदा करून स्फोटक डांबराखाली सरकवलं होतं. ६ जानेवारी २०२५ला बिजापूरमधल्या अंबेलीला आठ जवान आणि चालक गेले, तिथं सुमारे ६० ते ७० किलो स्फोटक होतं, आणि तेही बरंच आधी पुरून ठेवलेलं. वर ताजी माती नाही, गवत वाळलेलं नाही. हवालदाराची नजर ज्या खुणांवर पोसली गेली त्या खुणा काळानं पुसून टाकलेल्या.

दुसरी गोष्ट पायवाटांची. जवान रस्ता सोडून झाडीतून चालायला लागले तसे बॉम्बही झाडीत आले, पाय पडला की फुटणारे. त्यांना वायर नाही, बटणवाला नाही. आणि पाय कुणाचा हे ते विचारत नाहीत. बस्तरात मोहफुलं वेचणारी बाई, तेंदूला गेलेला पोरगा, गुरं, असे बळी सतत जातात. २०२५मध्ये करेगुट्टाच्या २१ दिवसांच्या मोहिमेत ४५० आयईडी, म्हणजे असे हातानं बनवलेले बॉम्ब, मिळाले, आणि जे मिळाले तेवढेच मोजले गेले.

आणि तिसरी गोष्ट कागदाची. सैन्य सुरुंग पेरतं तेव्हा नकाशा करतं. तरीही २००१-०२मध्ये पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलं, त्या ऑपरेशन पराक्रममध्ये पंजाब-राजस्थानच्या शेतांत पेरलेले सुरुंग काढताना जवान गेले, आणि काम लांबलं, कारण पाऊस, वाळू आणि नांगर यांनी नकाशा जुना करून टाकला होता. जंगलात पेरणाऱ्यानं नकाशा केलाच नसेल, तर तो असतो त्याच्या डोक्यात. यातली काही डोकी चकमकीत गेली. शरण आलेली जागा दाखवू शकतात, पण त्यांना आठवतं ते झाड, वळण, मोठा दगड, आणि रुंदीकरणात पहिल्यांदा जातात ती झाडंच.

म्हणून हवालदार आता नव्या पोरांना शिकवतो. त्यात एक घोळ आहे. सरावाचे डमी काल-परवा पुरलेले असतात, त्यामुळं पोरं ताजी माती ओळखायला शिकतात, आणि खरा बॉम्ब दोन पावसाळे खाल्लेला असू शकतो. यावर त्यानं उपाय काढला. गेल्या वर्षी मृगाच्या आधी त्यानं पट्ट्यावर काही डमी पुरले आणि वर्षभर हात लावला नाही. कुठं पुरले ते पावलं मोजून वहीत लिहिलं. वही त्यानं मला दाखवली, अक्षर नीट, आकृत्याही काढलेल्या. त्यातले दोन डमी अजून सापडलेले नाहीत.