जुन्या मोटारीच्या काचा

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें निवृत्त झाली. वीस वर्षांहून अधिक वयाची टॅक्सी शहरांत चालवितां येत नाहीं, आणि या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ सालीं झाली होती. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अद्याप कित्येक घरीं जपून ठेवलेल्या आढळतात. कोणी वडिलांची आठवण म्हणून, तर कोणी केवळ हौसेनें. अशा गाडीचें एंजिन उघडून पुन्हां बसवितां येतें, पत्रा ठोकून रंगवितां येतो, बैठकींचें रेक्झिन बदलतां येतें. काचेचें तसें नाहीं. ती एकदां बिघडली कीं बिघडली, आणि त्या मापाची दुसरी काच मिळविण्यास जुन्या बाजाराच्या खेपा घालाव्या लागतात. म्हणून काचेवरील मळ काढतांना घाई करूं नये.

मळकट काच दिवसां फसविते. उन्हांत ती बरी दिसते, मालकाची समजूत होते कीं, एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पावसाळ्यांतील रात्रीं समोरून दिव्यांचा झोत आला कीं काचेवरचा प्रत्येक कण तो प्रकाश विखुरतो व क्षणभर सारी काच दुधासारखी पांढरी होते. त्याच क्षणीं छत्री घेऊन रस्ता ओलांडणारा मनुष्य चालकास दिसत नाहीं.

‘मळ’ हा शब्द एक असला तरी वस्तु अनेक असतात, व एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाहीं. तेव्हां प्रथम ओळख पटविली पाहिजे. काच भरपूर पाण्यानें धुवावी व वरून स्वच्छ पाणी सोडून पाहावें. पाण्याचा अखंड पातळ पडदा पसरला तर काच तेलकट नाहीं असें समजावें. पाणी जागोजाग फाटून त्याचे थेंब जमले, तर तेथें तेल, मेण किंवा धुराचा लेप आहे. काच वाळल्यावर पांढरीं वर्तुळें उमटलीं, तर तो क्षार होय. आणि पाण्यानें जें ओलें असतांना दिसेनासें होतें, पण वाळतांच परत दिसतें व नखास लागत नाहीं, तें बहुधा काचेवर नसून काचेंतच पडलेलें व्यंग असतें.

धुण्याचें काम सावलींत व गार काचेवर करावें. कोरड्या फडक्यानें धूळ पुसण्याची संवय फार वाईट. रस्त्याच्या धुळींत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. खनिजांचा कठिणपणा मोजण्याच्या मोसच्या मापांत क्वार्ट्झचा अंक ७, आणि साध्या काचेचा सुमारें साडेपांच. अर्थात् कोरडें फडकें फिरविणारा मनुष्य काच पुसत नसतो, घाशीत असतो. राख, विटेचा चुरा व रांगोळी यांची गोष्ट तीच. पितळेच्या भांड्यांस जें मानवतें तें काचेस मानवेल असें नाहीं.

तेलकट लेपास भांडीं घासण्याचा पातळ साबण व कोमट पाणी एवढें पुरेसें होतें. कढत पाणी मात्र ओतूं नये. काचेस कोठें बारीक टवका उडालेला असला तर तेथून तडा धांवतो. साबणानें न निघालेला डाग स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें पुसावा. रंगावर स्पिरिट सांडूं देऊं नये. पावसांत काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची युक्ति जुन्या चालकांत प्रसिद्ध आहे. ती अगदींच खोटी नव्हे, कारण त्या रसानें पाण्याचे थेंब न जमतां त्याचा पडदा पसरतो. पण तो उपाय तासा-दोन तासांचा, व त्याचा राहिलेला चिकटा पुढें धूळ धरतो. रॉकेल चोळणें तर मळावर मळ चढविण्यासारखें आहे.

खरा हट्टी मळ क्षाराचा. मुंबईच्या नळास तानसा-वैतरण्याकडून येणारें पाणी मृदु असतें. विहिरीचें व टँकरचें पाणी पुष्कळदां जड असतें, त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. असें पाणी घालून गाडी उन्हांत वाळूं दिली कीं पाणी उडून जातें व क्षार मागें राहतो. हा चुन्याच्या जातीचा पदार्थ असल्यामुळें साबणास दाद देत नाहीं, आम्लास देतो. पांढरें व्हिनेगर व पाणी सारख्या प्रमाणांत घेऊन त्यांत भिजविलेलें फडकें डागावर दहा मिनिटें चिकटवून ठेवावें, मग हलक्या हातानें चोळून भरपूर पाण्यानें धुवावें. व्हिनेगर नसेल तर कपभर पाण्यांत चमचाभर लिंबूसत्त्व चालतें. डाग जुना असला तर हाच प्रयोग तीन-चार वेळां करावा; जोर वाढवूं नये, वेळ वाढवावा. काचेभोवतींच्या चकचकीत पट्ट्या व रबर यांवर आम्ल राहूं देऊं नये.

येथेंच अनेकांचा धीर सुटतो व न्हाणीघरांतील फरशीचें आम्ल काचेवर येतें. त्याच्या वाफेनें क्रोमचा मुलामा व पत्रा दोन्ही खराब होतात. तें जर कपडे पांढरे करण्याच्या द्रावांत मिसळलें तर विषारी क्लोरीन वायु सुटतो. कांहीं तयार द्रावांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याच्या जातीचे क्षार असतात. तीं काचेसच खातात, आणि कातडीवर पडल्यास खोल हाडापर्यंत इजा करतात. गाडीच्या हौसेपायीं असली बाटली घरांत आणणें शहाणपणाचें नव्हे.

व्हिनेगरनेंही डाग न जाण्याचें आणखी एक कारण असतें. काच ही वाळू, सोडा व चुना यांच्या मिश्रणाची. तिच्यावर पाणी दीर्घकाळ साचून राहिलें कीं तें पृष्ठांतील सोडियम हळूहळू ओढून घेतें. तें पाणी अल्कधर्मी बनतें व उलट काचेसच झिजवूं लागतें. कित्येक पावसाळे उघड्यावर, ओल्या कापडी आच्छादनाखालीं काढलेल्या गाडीची काच अशी खरखरीत झालेली असते. तिला धुणें व्यर्थ. तिला घोटावें लागतें. त्यासाठीं सेरियम ऑक्साइडची पूड मिळते. सेरियम हें मूलद्रव्य केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूंतही असतें. ही पूड पाण्यांत कालवून नमद्याच्या गोळ्यानें लहान वर्तुळांत फिरवावी व लेप सतत ओला ठेवावा. एकाच जागीं फार वेळ घोटूं नये, नाहींतर तेथें खळगा पडून पलीकडचा रस्ता वांकडा दिसूं लागतो. वायपरनें पाडलेल्या खोल रेषा यानें जात नाहींत. चालकाच्या दृष्टीसमोरच तशी रेष असेल, तर काच बदलणें हाच उपाय.

कांहीं डाग मुळीं मळच नसतात. दोन काचांमध्यें प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेल्या काचेची कल्पना बेनेदिक्तुस नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १९०९ सालीं पेटंट करून घेतली. अशा काचेच्या कडा जुनेपणीं दुधी होतात. तो पापुद्रा सुटल्याचा परिणाम असतो. बाहेरून कितीही चोळलें तरी तो डाग आंतच राहणार.

काळ्या पापुद्र्याचा चिकटा ही जुन्या गाडींची आणखी एक पीडा. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं काचांवरील काळे पापुद्रे काढण्याचा आदेश दिला, तेव्हां अनेकांनीं ते ओरबाडून काढले व डिंक तसाच ठेवला. त्यावर साबणाचें पाणी घालून ओलें कापड अर्धा तास ठेवावें, मग नवें पातें अगदीं निजवून एकाच दिशेनें सरकवावें. काच कोरडी असतांना पातें लावूं नये, आणि मागच्या काचेवर ऊब देणाऱ्या तारा असतील तर तेथें तें मुळींच नको. त्या तुटल्या कीं कायमच्या तुटल्या.

आंतील बाजूचा धूसरपणा बहुधा रेक्झिनमधून उन्हानें बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचा असतो. तो जाणवत नाहीं, पण रात्रीं सर्वांत अधिक त्रास हाच देतो. दोन फडकीं घ्यावीं, एक ओलें व एक कोरडें. जुन्या सुती साडीचें फडकें उत्तम. आंतून आडवें व बाहेरून उभें पुसावें, म्हणजे राहिलेली रेष कोणत्या बाजूची हें लगेच कळतें. दाराची काच थोडी खालीं घेऊन तिची वरची कड पुसावी. ज्या खांचेंतून ती वर-खालीं होते, त्यांतील वाळू जुन्या दांतघाशीनें काढावी, नाहींतर धुतलेली काच दुसऱ्याच दिवशीं उभ्या रेघा घेऊन वर येते. पुढच्या दारांतील त्रिकोणी काचेच्या बिजागरीभोंवतींही अशीच वाळू असते. वायपरचें रबर ओल्या कापडानें पुसून काळें पाणी येईनासें झालें कीं तें पुन्हां काचेवर टेकवावें. रबर कडक झालेलें असेल तर पावसाळ्यापूर्वीं नवें घालावें.