हरलेल्या यंत्राची दुसरी खेळी

१९७७ मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ‘क्लिओपात्रा’ हे एकच पिनबॉल दोन प्रकारांत बाजारात आणलं. चित्रं तीच, खेळ तोच. फरक पोटात होता: एकात इलेक्ट्रॉनिक बोर्ड, तर दुसऱ्यात रिले, कॉइल, आकड्यांची फिरती चाकं आणि वायरींचे जुडगे. निकाल लागायला वेळ लागला नाही. १९७९च्या सुमारास दुसऱ्या जातीचं, म्हणजे इलेक्ट्रोमेकॅनिकल पिनबॉलचं उत्पादन जवळपास थांबलंच. आणि तरीही आज एखादा हौशी माणूस पहिलं जुनं पिनबॉल घ्यायला निघाला, की बरेच जाणकार त्याला ही हरलेली जातच सुचवतात.

तिचं मूळ आपल्याला अनोळखी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी घरांतून बाहेर निघणारा, खिळे ठोकलेला बॅगाटेलचा बोर्ड हा पिनबॉलचा सख्खा नातेवाईक. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये बॅगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं आणि काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या आला. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिबचं ‘बॅफल बॉल’ मंदीतल्या अमेरिकेत धडाक्याने खपलं. बेकार माणसाला एका नाण्यात थोडी करमणूक मिळत होती. वीज आली ती हॅरी विल्यम्सच्या ‘कॉन्टॅक्ट’मधून, १९३३ मध्ये. तरीही खेळाडूच्या हातात फारसं काही नव्हतं: गोळी सोडायची, यंत्राला हळूच धक्का द्यायचा आणि बघत बसायचं. १९४७च्या ‘हम्प्टी डम्प्टी’त हॅरी मॅब्सने चेंडू टोलवणारे सहा फ्लिपर बसवले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’मध्ये दोनच ठेवले, तेही तळाशी. ती जागा आजतागायत कायम आहे.

फ्लिपर येण्याआधीच या खेळावर जुगाराचा शिक्का बसला होता. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी १९४२ मध्ये बंदी घातली, यंत्रं जप्त केली आणि छायाचित्रकारांसमोर घणाने फोडलीसुद्धा. जिंकल्यावर फुकट मिळणारा डावही काही राज्यांत कायद्याला बक्षीस वाटे. त्यावर गॉटलिबने १९६० मध्ये ‘फ्लिपर’ या यंत्रात तोडगा काढला: फुकट डाव नाही, त्याच डावात जादा चेंडू. मग एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या निघू लागल्या. १९६५चं ‘बकारू’ डाव द्यायचं, त्याचाच भाऊ ‘काऊ पोक’ चेंडू द्यायचा. म्हणजे जुन्या यंत्राचं झाकण उघडणाऱ्याला आत कायद्याची वायरिंग दिसते, असं म्हणायला हरकत नाही. न्यूयॉर्कची बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प या पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीपुढे, चेंडू कोणत्या गल्लीतून जाईल हे आधी सांगून, दट्ट्या ओढला. चेंडू तिथूनच गेला. यात नशीबही होतं, हे पुढे शार्प यांनी स्वतःच कबूल केलं.

खेळाला कायद्याची मान्यता मिळाली आणि त्याच सुमारास या यंत्रांचा काळ संपत आला. इलेक्ट्रॉनिक पिनबॉल आलं, पाठोपाठ व्हिडिओ गेमची लाट. जुनी यंत्रं सुट्या भागांसाठी मोडली गेली किंवा लोकांच्या तळघरांत, गॅरेजांत जाऊन पडली. आजचा पहिला खरेदीदार त्यांना तिथेच भेटतो.

विकणारा बहुधा म्हणतो, ‘चालू होतं, फक्त फ्यूज गेलाय.’ यावर विश्वास ठेवणं न ठेवणं फारसं महत्त्वाचं नाही. बघायची ती उभ्या खोक्यातली चित्रकाच. चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. त्याचे पापुद्रे सुटले असतील तर ते पूर्ववत होणं कठीण. खेळाच्या फळीवरचा रंग उडून लाकूड दिसत असेल, तर तेही तसंच. विजेचा बिघाड मात्र दुरुस्त होतो. सोबत सर्किटचा मोठा कागद मिळाला तर उत्तमच.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावायचा नाही. आधी वायर आणि फ्यूज तपासायचे. योग्य क्षमतेपेक्षा जाड फ्यूज कुणीतरी घातलेला सापडतोच. मग खरं काम. डाव सुरू करताच मोटर गरगरत राहते आणि थांबतच नाही, ही नवशिक्याला हमखास भेटणारी तक्रार. कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं. डावाच्या सुरुवातीला मोटर आकड्यांच्या चाकांना झटके देत शून्यावर आणते. प्रत्येक चाकाला ‘शून्यावर पोचलो’ हे सांगणारा एक स्विच असतो. त्यातल्या एकाचं टोक मळलं किंवा वाकलं, की यंत्र त्या चाकाची वाट बघत बसतं. कोणतं चाक मागे राहिलंय, ते डोळ्यांना दिसतं. या जातीचं सगळं आकर्षण इथे आहे: यंत्राचा विचार उघड्यावर चाललेला असतो. इलेक्ट्रॉनिक बोर्डवरची बॅटरी गळून पट्ट्या खाते, तेव्हा असं काही दिसत नाही.

जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. पायरीपायरीने मोजणारे भाग सुटे करून अल्कोहोलने पुसावे लागतात. घाईत डब्ल्यूडी-४० फवारण्याचा मोह टाळायचा. ते पेट घेणारं असतं आणि इथे स्विच ठिणग्या उडवतात. फ्लिपरच्या कॉइलला दोन वेटोळी असतात, एक जोरात फेकायला आणि दुसरं धरून ठेवायला. फ्लिपर वर पोचताच वीज कमी करणारा स्विच उघडला नाही, तर कॉइल जळते. वास आधी येतो. स्विचची टोकं मात्र हलक्या हाताने घासायची. आधी दुरुस्ती करणाऱ्याने अंदाजाने वाकवलेल्या पट्ट्या सरळ करण्यातच निम्मा वेळ जातो.

सगळं जागेवर आलं की एक शेवटचा बदल उरतो. अनेक यंत्रांत एक छोटा प्लग हलवून डाव तीन चेंडूंचा की पाच चेंडूंचा हे ठरवता येतं. नाणी गोळा करणाऱ्या मालकाला तीन परवडत, कारण डाव लवकर संपे. घरात नाणं टाकणारं कुणीच नसतं, त्यामुळे नवा मालक तो प्लग पाचवर नेतो.