माळ्यावरची आगगाडी

लिव्हरपूलच्या मेकॅनो कारखान्याने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ ही विजेवर धावणारी छोटी आगगाडी बाजारात आणली. अशी गाडी वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिली, की हलत नाही. मग आपण उतावीळपणे वीज जोडतो आणि मोटार जाळून बसतो.

वास्तविक दोष बहुधा किरकोळ असतो. जुने तेल राळेसारखे घट्ट झालेले असते. ते रंगाला धक्का न लावता पुसावे, चाके हाताने मोकळी फिरू लागली म्हणजे आसांना एकेक थेंब तेल द्यावे आणि मगच वीज जोडावी. आर्मेचर बाहेर काढावे लागल्यास जुन्या नालाकृती चुंबकाच्या टोकांवर लोखंडी पट्टी ठेवावी. नाहीतर त्याचा जोर उतरतो.

परंतु चाकांना तडे गेले, सांगाडा फुगून वाकला, तर तेथे तेलपाणी चालत नाही. हा ओतीव जस्ताचा रोग होय. ओतकामात शिशाचा अंश लाखात पाचसात भागांहून अधिक गेला, की दमट हवेत धातू आतून कुजतो. तो भाग बदलणे एवढाच उपाय. म्हणूनच या कामाला ९९.९९ टक्के शुद्ध जस्त लागते.

तो कारखाना १९७९ साली बंद झाला. कामगारांनी आत ठाण मांडले, तरी वाचला नाही. त्यांच्या हातच्या पुष्कळ गाड्या मात्र अजून धावतात. कामगारांत वावरलेल्या आम्हांला एवढेच सांगायचे आहे: वाळलेले तेल मागाहून पुसता येते, ओतताना झालेली हयगय मागाहून पुसता येत नाही.