थोड्या वेळातला शब्दसंग्रह

अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'सॅट' परीक्षेला पाचेक आठवडे उरले असताना शेकडो अपरिचित इंग्रजी शब्द आत्मसात करू पाहणारा विद्यार्थी बहुधा शब्दांची यादी पुन्हापुन्हा वाचत बसतो, आणि स्मृतीविषयीच्या प्रयोगांचा कौल मात्र नेमका या सवयीच्या विरोधात जातो.

विसरण्याचे पहिले पद्धतशीर मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, काही काळाने ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे त्यांनी तपासले, तेव्हा ही बचत एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश आणि महिन्यानंतर एक पंचमांशाच्या आसपास आढळली. म्हणजे बहुतेक पडझड पहिल्या काही तासांतच होते आणि पुढे तिचा वेग मंदावतो.

ही पडझड कशाने थोपते, याचे उत्तर जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या प्रयोगातून मिळते. त्यात विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवण्यात आले; एकदा बरोबर आठवलेला शब्द काही गटांना पुढेही आठवून सांगावा लागला, तर काहींच्या चाचणीतून तो वगळला गेला. आठवड्यानंतर पहिल्या प्रकारच्या गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्या प्रकारच्या गटांना ३५ टक्क्यांच्या आसपास, आणि एकदा बरोबर आठवलेला शब्द पुन्हा वाचायला दिला की नाही, याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. प्रत्यावाहन, म्हणजे उत्तर समोर नसताना ते स्मृतीतून ओढून काढणे, हीच येथे शिकण्याची क्रिया ठरली. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की आपल्याला किती आठवेल याबद्दल सर्वच गटांचे अंदाज जवळपास सारखे, निम्म्याच्या घरातले होते. कोणत्या अभ्यासाने काय साधले, हे अभ्यास करणाऱ्यालाच कळत नव्हते. वाचताना वाटणारी ओळख म्हणजे ज्ञान नव्हे, हे कोणत्याही घोकंपट्टीवाल्याला पटवणे म्हणूनच अवघड जाते.

उजळणी केव्हा करावी, हा दुसरा प्रश्न. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या, त्याच वर्षीच्या प्रयोगात अंतिम चाचणी पस्तीस दिवसांनी असेल तर दोन अभ्यासांमधील सुमारे ११ दिवसांचे अंतर, आणि वर्षभराने असेल तर २१ दिवसांचे अंतर सर्वांत फलदायी ठरले. थोडासा विसर पडल्यावर आठवण्याचा प्रयत्न झाला की स्मरण अधिक पक्के होते, असे यावरून दिसते. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये सुचवलेली कप्प्यांची पेटी हेच काम आपोआप करते: कार्डावरचा शब्द आठवला तर ते पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात जाते आणि चुकला तर पहिल्या कप्प्यात परतते, त्यामुळे मोजका वेळ अवघड शब्दांवरच खर्च होतो.

तथापि कार्डावर एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिण्याला 'सॅट'ने स्वतःच मर्यादा घातली आहे. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये, साम्यसंबंधांचे २००५ मध्ये वगळले गेले आणि २०१६ पासून दुर्मीळ शब्दांऐवजी उताऱ्यात वापरलेल्या शब्दाचा तिथला अर्थ विचारण्यावर भर आला. त्यामुळे कार्डाच्या मागे अर्थाबरोबर एक पूर्ण वाक्यही लिहिणे, आणि आठवताना तेच न म्हणता नवे वाक्य रचणे, हे या परीक्षेच्या आजच्या स्वरूपाला अधिक जुळते.