ड्रीमकास्ट बंद का पडला?
ड्रीमकास्ट वाईट होता म्हणून तो बनवणारी सेगा कंपनी बुडायला आली, हा समज मला अजिबात पटत नाही. १९९८ साली जपानमध्ये आलेल्या या कन्सोलमध्ये इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला होता! घात केला तो पैशाच्या गणिताने. कन्सोल स्वस्तात विकून गेम्सच्या विक्रीतून तोटा भरून काढायचा, हा या धंद्याचा रिवाज. पण सेगाच्याच आधीच्या सॅटर्न कन्सोलने तिजोरी रिकामी केलेली, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने गेम्स द्यायला नकार दिला आणि २००० मध्ये डीव्हीडी चालवणारा प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन २ आला. जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा वारले. त्याआधी त्यांनी जवळपास ७० कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले होते. सेगा तगली ती त्यामुळे. आता ती इतरांच्या कन्सोलसाठी गेम्स बनवू लागली आणि वर्षअखेरीस तिचा लाडका नायक सॉनिक प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या गेमक्यूबवर धावू लागला.